ट्रकभर कड्या

बादल्यांच्या कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, स्वस्त दिसलं की पाघळायचे. या खेपेला त्यांनी बादलीच्या कड्या उचलल्या, ट्रकभर. सगळी रोकड कड्यांत गेली, पत्र्याला दमडी उरली नाही. आता बादलीच नाही तर कडी काय गळ्यात घालायची? मशीन गप्प, कामगार दारात जांभया देत बसलेले आणि शेठ मात्र ढिगाकडे बघून खूश. "केवढ्याला पडल्या, विचार तरी!" ते बायकोला म्हणायचे. तिनं कधी विचारलं नाही.

पत्र्यासाठी कर्ज मागितलं, तेव्हा बँकेचे साहेब पाहणीला आले.

"खेळतं भांडवल कुठंय?"

शेठनी छाती फुगवून ढीग दाखवला.

"हे खेळतंय होय? हे तर झोपलंय!"

"घोरतंयसुद्धा," दारातून बायको म्हणाली.

"आठवड्यानं येतो. ढीग हलला तर कर्ज, नाहीतर विसरा," म्हणून साहेब गेले. कारखाना वडिलांनी उभारलेला. तो आपल्या हातून बंद पडणार, या विचारानं शेठना घास उतरेना.

बायकोनं मात्र पिशवीत कड्या आणि पक्कड भरली. कुणाच्या बादलीला सुतळी, कुणाच्या तारेचं वेटोळं, गल्लीतल्या सगळ्या मोऱ्या तिला पाठ होत्या.

"अगं, आपण कारखानदार! दारोदार फिरायचं?"

"कारखाना बंद पडला की दारोदारच आहे. धरा पक्कड."

पहिल्याच दारी म्हातारीनं उधारीचं काढलं. "मावशी, रोख असेल तर कडी, नाहीतर सुतळी आहेच," बायको म्हणाली. म्हातारीनं मुकाट्यानं कनवटीचे पैसे काढले. शेठ चाट पडले. दुकानदार त्यांना महिनोन्‌महिने झुलवायचे आणि ते वर हसून चहा पाजायचे.

आठवड्यात ढीग गुडघ्यापर्यंत उतरला. थोडा पत्रा आला, मशीन खडखडलं. ते ऐकून शेठचे डोळेच भरून आले.

साहेब आले ते हातात कडी तुटलेली बादली घेऊन. "पाहणी नंतर," ते ओशाळून म्हणाले, "आधी ही. घरून सांगितलंय." शेठनी कडी बसवली आणि धीर करून पैसे मागितले, रोख. साहेबांनी ते दिले, ढीग पाहिला आणि हसत कर्जाच्या कागदावर सही केली.

तेवढ्यात शेठचा फोन वाजला. कड्यावालाच होता. "शेठ, बादलीची बुडं आलीत. मातीमोल! ट्रकभर पाठवू?"

शेठ पाघळले. तोंड उघडणार, तोच बायकोनं फोन ओढला.

"बुडं नकोत," ती म्हणाली. "घरात एक आहे, तेच आत्ता कुठं हललंय."