चीक लावलेले डबे

मोईने तारली मासळीच्या डब्यावर जाड खिळा टेकवला आणि हातोडीचा एकच ठोका दिला. भोकातून टोमॅटोचा लाल थेंब वर आला.

"अहो आई, डबा उघडायची चावी आहे की घरात!" सून म्हणाली.

"असू दे. गोऱ्या सरकारने शिकवलेली विद्या आहे, वाया कशाला घालवू?"

बाहेरच्या खोलीत गोल टेबलाशी बसलेला काम-सेंग मोठ्याने हसला. मोईचा हा थोरला भाऊ गोऱ्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना सामील व्हायला जंगलात गेला, त्याला आता चाळीसेक वर्षं झाली होती. तह झाला, बंदुका खाली ठेवल्या गेल्या, मग सीमेपलीकडे थायलंडातल्या वस्तीत तो राहिला आणि आज बायकोला घेऊन पहिल्यांदा सीमेअलीकडे पेराक राज्यातल्या आपल्या गावी आला होता. जंगलात त्याच्याच तुकडीत असलेली बायको स्यू-लान प्रवासाने शिणली होती, ती मागे न्हाणीघरात गेली होती. बातमी लागताच शेजारच्या दोघी जणी काहीतरी निमित्त काढून येऊन बसल्या होत्या.

मोईला एवढे श्रोते पुरेसे होते.

"तेव्हा गावाभोवती काटेरी तार," कांदा परतता परतता ती सांगू लागली. "दुकानात डबा विकला की शिपायासमोर त्याला भोक पाडायचं. म्हणजे आतलं टिकत नाही, कुणी साठवायला नको आणि जंगलात धाडायला नको. आमच्या बापाचं दुकान, आणि खिळा माझ्या हातात. दिवसा भोकं पाडायची, रात्री त्यावर रबराचा चीक लावून बुजवायची!"

"आणि फाटकातून डबे बाहेर कसे गं नेलेस?" शेजारणीने विचारलं. तिला उत्तर पाठ होतं.

"डुकरांच्या खाण्याच्या बादलीत, तळाशी. एकदा शिपाई म्हणाला, बादलीत हात घालून दाखव. मी म्हटलं, तुम्हीच घाला ना साहेब, तुमचे हात स्वच्छ आहेत. बिचारा नाक दाबून मागे सरला!"

सगळे हसले. सापडली असती तर अख्खं घर तुरुंगात गेलं असतं, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा लवकर गेला, दुकान एकटीने ओढलं, पोर वाढवलं. या सगळ्यात मोईने एकाच गोष्टीच्या जोरावर मान ताठ ठेवली होती: आपण भावाला उपाशी ठेवलं नाही. तह होईपर्यंत हे मोठ्याने म्हणायचीही सोय नव्हती. आता मात्र ती दिसेल त्याला सांगायची.

"दादा," ती म्हणाली, आणि कढईतला झारा थांबला. "पोचायचे ना रे डबे?"

"पोचायचे तर! त्या डब्यांवरच जगलो आम्ही, मोई."

"ऐकलंत?" मोईने शेजारणींकडे पाहिलं. तिचा ऊर भरून आला. मिरची, लिंबू घालून तिने तारली ताटलीत काढली आणि वाफाळत्या भातासोबत त्याच्यापुढे ठेवली. काम-सेंग मान खाली घालून भराभरा जेवू लागला.

तेवढ्यात ओले केस पुसत स्यू-लान स्वयंपाकघरात आली. तिने दारातून नवऱ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे विस्फारले.

"नवलच म्हणायचं! हा माणूस तारली खातोय?" ती हळू आवाजात मोईला म्हणाली. "एरवी वासानेही उठून जातो."

"का गं वहिनी?"

"गावातून डबे यायचे, भोकाला चीक लावलेले. आमच्या हाती लागेपर्यंत चार-पाच दिवस उन्हात पडलेले, आतलं सगळं नासलेलं. एकदा भुकेपायी खाल्लं, तर अख्खी तुकडी आडवी. हा तर मरता मरता वाचला. पुढे आले की पुरून टाकायचो. कोण बिचारं जिवावर उदार होऊन पाठवत होतं, देव जाणे. त्याला कळवणार तरी कसं?"

मोईने कढईवर झाकण ठेवलं.

"हो ना," ती म्हणाली. "कळवणार कसं."

"मोई, अजून आण गं थोडी!" बाहेरून हाक आली.

ती दारात गेली. काम-सेंगने ताटली पुढे केली होती. ती चाटूनपुसून स्वच्छ होती. त्याच्या कपाळावर घाम होता आणि पाण्याचा तांब्या रिकामा झाला होता.

"संपली," मोई म्हणाली.

"अहो आई, कढईत तर अजून..." सुनेने तोंड उघडलं. मोईने एकदाच तिच्याकडे पाहिलं.

"संपली म्हटलं ना! इतक्या वर्षांनी आलास आणि हावरटपणा तसाच. थांब, अंडी तळते."

काम-सेंग तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर तिच्यामागे उभ्या असलेल्या बायकोकडे गेली आणि परत मोईकडे आली. त्याने ताटली हळूच खाली ठेवली.

"दोन तळ," तो म्हणाला. "कडा कुरकुरीत कर, आई करायची तशा."

मोईने तीन फोडली.