कोर्टातला लोखंडी पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पिंजरा आहे. वाघसिंह मी कधी पाहिले नाहीत. माझी सारी नोकरी मोल्दोव्हातल्या एका लहान शहराच्या कोर्टात झाली. जमिनीपासून छतापर्यंत गज, पुढे अरुंद दार, आत एक बाक. आरोपीला आणायचे, बसवायचे, कुलूप लावायचे. मग खटला सुरू.

मला सिमिओन लोहाराने घडवले. एरवी तो द्राक्षमळ्यांची फाटके करायचा. मोठे न्यायाधीश मला पाहून म्हणाले, "काम चोख आहे." मी हुरळून गेलो. खुनी आले, गुरेचोर आले, शेजाऱ्याशी मारामारी केलेले आले. पहारेकरी मला टेकून खुशाल डुलक्या काढायचे, इतका त्यांचा माझ्यावर भरवसा.

मग इलारिओन आला. पन्नाशीचा, मधमाश्या पाळणारा माणूस. गावाचे कुरण सरकारने ताब्यात घेतले म्हणून लोक कचेरीवर गेले होते आणि गर्दीतून आलेल्या दगडाने एका पोलिसाचे डोके फुटले. इलारिओन म्हणे, मी गेलो होतो, पण दगड मारला नाही. आरोप शाबित झाला असता तर काही वर्षे तुरुंगात गेली असती. त्याची बायको येफ्रोसिनिया पहिल्या रांगेत बसायची. तिने आणलेली चीज भरलेली पोळी पहारेकरी गजांतून देऊ देत नसत. इलारिओन तिच्याकडे बघायचाच नाही, मान खाली घालून बसायचा. मला वाटे, याच्या मनात काहीतरी काळेबेरे आहे, नाहीतर असा का बसेल?

साक्षीला हरलांबी आला, कचेरीचा राखणदार. आरोपीच्या वकील झिनाइदाबाईंनी विचारले, दगड मारणारा इथे आहे का? त्याने लगेच बोट दाखवले.

"हा काय."

"एवढ्या गर्दीतला माणूस बरा ओळखलात?"

"त्यात ओळखायचं काय, बाई? पिंजऱ्यात बसलाय ना. कोर्टानं काय उगाच बसवलाय?"

लोक हसले. हरलांबी खोटे बोलत नव्हता. मीही इतकी वर्षे नेमका असाच विचार करत आलो होतो.

झिनाइदाबाईंनी खटला थांबवायला लावला आणि प्रश्न राजधानीतल्या वरच्या न्यायालयात नेला. गुन्हा शाबित होण्याआधी माणसाला गजांआड बसवण्याचा सरकारला अधिकार आहे का? सरकारी वकील म्हणाले, कोर्टात सगळ्यांना सुरक्षित ठेवणे आमचे काम, आणि नियम सर्वांना सारखा. सगळा हिवाळा त्यात गेला. निकाल आला तो आमच्या न्यायाधीशबाईंनी मोठ्याने वाचला. कोर्टात सुरक्षितता राखण्याचा अधिकार सरकारला आहेच, पण हा माणूस धोकादायक आहे हे सरकारने आधी दाखवले पाहिजे. शेजारी पहारेकरी बसवून भागत असेल तर गज लावता येणार नाहीत. सरसकट पिंजऱ्याचा नियम रद्द.

इलारिओनबद्दल सरकारला तसे काहीच दाखवता आले नाही. तो आता बाकांवर, त्याच्याच वयाच्या इतर गावकऱ्यांमध्ये बसला. हरलांबीला पुन्हा बोलावले. त्याने एकेकाकडे निरखून पाहिले, पुन्हा पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढली.

"खरं सांगू, बाई? मला नाही सांगता यायचं."

दुसरा पुरावा नव्हताच. इलारिओन सुटला. येफ्रोसिनियाने कोर्टातच त्याचा हात धरला आणि या वेळी त्याने तिच्याकडे पाहिले. मला फार बरे वाटले, आणि माझी मलाच लाजही वाटली.

हल्ली मी कोर्टाच्या मागच्या अंगणात पडून असतो. परवा एक नवे साहेब आले आणि म्हणाले, "घासून रंग दिला तर पुन्हा उभा राहील. गुन्हे किती वाढलेत!"

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आमची निगा राखा. माझे मागणे उलटे आहे. मला रंग देऊ नका, तेलही घालू नका. मी उभा दिसलो की कोणाला तरी आत बसवावेसे वाटते, आणि आत बसलेला माणूस, मग तो कोणीही असो, गुन्हेगारच दिसतो. गंज माझ्या बिजागऱ्यांपर्यंत पोचला आहे. त्याला त्याचे काम करू द्या.