फंड नावाची सवत

राजाबाईला सवत होती आणि ती कुणाला दिसत नव्हती.

तिचं नाव फंड. रामहरी चिकलठाण्याच्या कंपनीत प्रेस मशीनवर लागला त्याच महिन्यात ती त्याच्या आयुष्यात आली. राजाबाई आली त्यानंतरच्या उन्हाळ्यात, हळदीच्या अंगानं. म्हणजे मान बघायला गेलं तर थोरली ती आणि धाकटी ही. पगार झाला की आधी तिचा वाटा बाजूला पडायचा, मग उरलेला घरी यायचा. थोरलीचं पान आधी, धाकटीचं मागून. कंपनी वरून आपल्याकडचीही भर घालायची. सवतीला माहेरही होतं म्हणायचं.

"औंदा तरी पाटल्या करा," राजाबाई म्हणायची.

"हाय की फंडात," रामहरी म्हणायचा.

"पत्रा काढून स्लॅब टाकू."

"फंडात हाय. म्हातारपणी टाकू."

म्हातारपणी पाटल्या काय सुरकुत्यांवर घालायच्या? राजाबाई हे मनात म्हणायची आणि परातीत पीठ जरा जोरात आपटायची.

पण तिला खरा चटका बसायचा तो संध्याकाळी. पाळी करून रामहरी मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांत परतायचा, हातपाय धुवायचा, उंबऱ्यावर बसायचा आणि मोबाइल उघडून फंडाचं पासबुक बघायचा. रोज नाही, पण पगाराच्या आठवड्यात हटकून. बघताना त्याचं तोंड बदलायचं. मिशीखालचे ओठ सैल पडायचे, डोळ्यांत ओल यायची. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस. नुकतं जन्मलेलं कोकरू उचलून घेताना त्याची माणसं असंच तोंड करतात, हे राजाबाईला ठाऊक होतं, कारण तीही तसल्याच घरातली. लग्नाला इतकी वर्षं झाली, लेक प्रेरणा नांदायला जालन्याला गेली, पण ते तोंड रामहरीनं बायकोकडं बघून कधी केलं नव्हतं.

मग तव्यावर भाकर टाकता टाकता राजाबाईच्या गळ्यातून ओवी निघायची:

*सवतीचा वास माझ्या उंबऱ्याच्या आत,*
*दिसंना गं डोळ्या, जेवते गं माझ्या ताटात.*

शेजारची द्वारकाबाई भिंतीवरून मान काढायची. "कोणती गं सवत?"

"ती काय, मोबाइलात बसलीय."

"दिसायला कशी हाय?"

"मला कुठं दावत्यात? पडद्यात ठिवलीय तिला."

दोघी हसायच्या. उंबऱ्यावरचा रामहरीही मिशीत हसायचा. पण हसणं विझलं की राजाबाईच्या पोटात काहीतरी मागं उरायचं, तव्याला चिकटलेल्या भाकरीसारखं.

दिवाळीनंतर कंपनी बंद पडली. फाटकाला कुलूप लागलं आणि रामहरी नाक्यावर उभा राहू लागला. कधी गवंड्याच्या हाताखाली, कधी मोंढ्यात पोती उचलायला; कधी दुपारपर्यंत उभा राहून नुसताच परत. त्याच दिवसांत राजाबाईच्या पोटात कळ उठायला लागली. उजव्या बरगडीखालून निघायची आणि पाठीत जाऊन बसायची. डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या पिशवीत खडे झालेत, ऑपरेशन करावं लागेल, लांबवू नका. कंपनी होती तोवर दवाखान्याचं कार्ड चालायचं. आता कंपनीच नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना रामहरी एवढंच म्हणाला, "पाहू."

राजाबाई वाट बघत राहिली. पुढचा शब्द आला नाही. घरी आल्यावर त्यानं हातपाय धुतले, उंबऱ्यावर बसला आणि मोबाइल उघडला. बराच वेळ बघत राहिला. एकदा तर त्यानं अंगठा हळूच त्या काचेवरून फिरवला.

मी इथं पोट धरून पडलेय, आणि हा माणूस तिला कुरवाळायलाय!

तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि मनाशी गाठ मारली: मागायचं नाही. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मागून दिलं तर ती भीक. न मागता त्यानं थोरलीला हात लावला, तर मी त्याची. नाही लावला, तर एवढी वर्षं मी या घरात भाकरी थापायला ठेवलेली बाई.

त्यानंतर रामहरीचं वागणं पालटलं. ज्या दिवशी नाक्यावर काम नसायचं त्या दिवशी तो धुतलेला सदरा घालू लागला. डोक्याला तेल, मिशीला हात, आरशासमोर इकडून एकदा तिकडून एकदा.

"कुठं निघालात नवरदेव?"

"आलोच," म्हणायचा आणि रिक्षात बसून जायचा. दुपारून परत यायचा तो उतरलेल्या तोंडानं, जेवायचा आणि गप.

एका दुपारी द्वारकाबाई भिंतीवरून न बोलता थेट दारातून आत आली. हातात पिशवी तशीच.

"राजे, बस. बसून ऐकायची गोष्ट हाय."

"सांगा उभ्यानंच."

"साडीला फॉल लावायला औरंगपुऱ्यात गेले हुते. तिथं एक कॉम्प्युटरचं दुकान हाय, काचेचं. आत तुझा मालक बसलेला. समोर एक पोरगी, वीस-बाविशीची. तिनं त्याच्या तोंडासमोर मोबाइल धरलेला, आन् तुझा मालक..."

"काय?"

"डोळा मारायला हुता गं."

राजाबाई खाली बसली.

"एकदा न्हाय. आधी डावा, मग उजवा. आन् ती पोरगी म्हणायली, 'अजून एकदा काका, अजून एकदा.'"

"काका म्हणली?"

"काकाच म्हणली. आता आजकालच्या पोरी काय, कुणालाबी काका म्हणतात."

राजाबाईला हसू आलं नाही. आजवरची सवत निदान बिनतोंडाची होती. हिला तोंड होतं, वय होतं, काचेचं दुकान होतं. धुतलेला सदरा, तेल, मिशी, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून एकामागं एक गेलं, आणि ज्या माणसानं तिच्याकडं बघून पापणी हलवली नव्हती तो दुसरीकडं बघून डोळे उडवत होता, हे बरगडीखालच्या खड्यांपेक्षा जास्त टोचलं.

पुढच्या वेळी रामहरी सदरा घालून निघाला, तशी ती मागच्या रिक्षात बसली. सगळा रस्ता तिनं पोट दाबून धरलं होतं. कळ होती की काय होतं, तिलाही सांगता आलं नसतं. औरंगपुऱ्याच्या गर्दीत तिनं त्याचा पांढरा सदरा नजरेतून सुटू दिला नाही. गल्लीच्या तोंडाशी ते दुकान होतं. काचेवर लिहिलेलं: आधार, पॅन, पीएफ, रेल्वे तिकीट. राजाबाई अक्षर जुळवत वाचायची, पण त्या घडीला तिला फक्त काचेमागची पोरगी दिसली. गळ्यात ओढणी, केस वर बांधलेले, हातात मोबाइल. दार उघडंच होतं.

"काका, डोळे मिचकवा," पोरगी म्हणत होती.

"मिचकवला की."

"एक नाही हो, दोन्ही. एकदम. तुम्ही नुसते रोखून बघताय. हे म्हणतंय, जिवंत माणूस समोर आणा."

"मग हितं काय मढं बसवलंय?"

"मला माहितीये तुम्ही जिवंत आहात, त्याला पटायला पाहिजे ना! नेहमी मिचकवता तसे मिचकवा."

"न्हाय जमत, तनुजाताई. बारीक हुतो तवा रात्री मेंढराजवळ बसवायचे मला. बाप म्हणायचा, लांडगं समोर आलं की पापणी पाडायची न्हाय, पापणी पडली की ते झेप घेतं. ती सवय बसली ती बसली. कुणी समोर धरून बघायलं की माझे डोळे दगड हुतात."

"हा लांडगा नाहीये काका, कॅमेरा आहे."

"कोकरू न्यायलाच बसलाय ना? मग लांडगंच."

राजाबाई दारात येऊन उभी राहिली. मनात शिव्यांची जी पेंढी बांधून आणली होती ती सुटली तर होती, पण वाया घालवायची नव्हती.

"व्हय! कुणाला डोळे मारायलात?"

रामहरीनं मान वर केली, बायको दिसली, आणि त्या दगडाच्या डोळ्यांची घाबरून उघडझाप झाली. एकदा, दोनदा, पाणी आलं तशी तिसऱ्यांदा. तनुजानं मोबाइल हलू दिला नव्हता. मोबाइलच्या काचेवरचं लाल वर्तुळ हिरवं झालं.

"झालं!" पोरगी ओरडली. "घेतला चेहरा! काकू, तुम्ही आधीच का नाही आलात?"

"काय घेतला?"

"काकांचा चेहरा. पीएफ काढायला लागतो. किती दिवसांपासून येतायत बिचारे, दर वेळी नापास. तुमच्याच ऑपरेशनसाठी ना? बसा ना, पाणी देऊ? कळ येतीये का परत?"

राजाबाई बसली. पाणी मात्र घेतलं नाही. त्यानं थोरलीला हात लावला होता. न मागता लावला होता. जे ऐकायला जीव आसुसला होता ते तिनं ऐकलं होतं, आणि तरी ते आधी या पोरीनं ऐकलं होतं. माझ्या बरगडीखालची कळ हिला ठाऊक, आणि मला ठाऊक नाही माझ्या नवऱ्याच्या मनात काय चाललंय.

बाहेर रसवंतीच्या बाकड्यावर दोघं बसली. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते.

"त्या पोरीला सांगितलं. मला सांगायला तोंड नव्हतं?"

रामहरी जमिनीकडं बघत म्हणाला, "मेंढी विकायची असली की कळपाजवळ बोलत्यात का? मुकुंदवाडीतबी दुकान हाय की. पण तिथं म्हणलं घरापर्यंत जाईल. म्हणून इकडं आलो."

राजाबाईनं मान हलवली. हे तिला सांगायची गरज नव्हती. तिचा बापही असाच. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचा, घरी येऊन एक अक्षर बोलायचा नाही. विकायचं बोललं की मेंढी चारा सोडते म्हणायचे. फक्त आदल्या संध्याकाळी त्या मेंढीजवळ बसायचा आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायचा. तेवढ्यावरून आई ओळखायची, उद्या कोण जाणार ते.

म्हणजे दवाखान्यातून आल्यावर त्यानं काचेवरून अंगठा फिरवला, तो निरोपाचा हात होता. आपण ओळखायला हवं होतं. आपल्या आईनं ओळखलं असतं.

आणि हे कळल्यावर मत्सर विझायच्या ऐवजी वेगळ्याच बाजूनं पेटला. एवढा जीव? जाताना अंगठा फिरवावा एवढा?

"सगळी काढली?" तिनं विचारलं. फंडाला 'ती' म्हटलेलं त्याला खटकलं नाही.

"तीन हिस्से. काम सुटून महिना झाला की तेवढे निघतात. चवथा एवढ्यात न्हाय निघत."

"मग बरंय," राजाबाईच्या तोंडून निघून गेलं. "कळप विकला तरी बियाची एक मेंढी ठिवावीच लागती."

रामहरीनं तिच्याकडं वळून बघितलं. त्याचे ओठ मिशीखाली सैल पडले, अगदी जरासे, आणि राजाबाईनं पटकन रसाच्या ग्लासात तोंड घातलं.

पैसे बँकेत आले, ऑपरेशनची तारीख ठरली. त्या संध्याकाळी रामहरी हातपाय धुऊन उंबऱ्यावर बसला आणि सवयीनं त्यानं मोबाइल उघडला. या वेळी राजाबाई चुलीपाशी थांबली नाही. पदराला हात पुसत येऊन त्याच्याजवळ टेकली.

"दावा मला तिचं तोंड."

"कुणाचं?"

"थोरलीचं."

त्यानं मोबाइल तिच्या हातात दिला. वरपासून खालपर्यंत आकडेच आकडे, त्याच्या हातांचे, त्याच्या पाळ्यांचे. एकाखाली एक, रात्री मेंढरं बसतात तसे चिकटून. आणि शेवटी, सगळ्यांच्या खाली, एक लहानसा.

"एवढीशीच उरली?"

"एवढीशीच."

त्यानं ते साधंच म्हटलं. पण त्याचा आवाज जिथं जरा अडखळला ती जागा राजाबाईला बरोबर सापडली.

"मी गेले असते तर झुरला असतात का असं?"

"तू जाऊ नये म्हणून तर तिला धाडली की गं येडे."

"ते येगळं. झुरला असतात का ते इचारलं."

रामहरीनं मान वळवली. तो नुसता तिच्याकडं बघत राहिला, दगडाच्या डोळ्यांनी. आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं एक डोळा मिटून उघडला. डावा.

"अगं बाई!" भिंतीवरून द्वारकाबाई म्हणाली. "आता घरीबी?"

राजाबाई हसली तशी बरगडीखाली कळ उठली. पोट धरून ती हसतच राहिली, आणि हसण्यातच ओवी आली:

*सवत गं वाळली, झाली चवथाई,*
*मीच तिला म्हणते, बस माझ्या बाई.*

"आण इकडं," रामहरीनं मोबाइलसाठी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या." तिनं मोबाइल पदराखाली घेतला. "लई वर्षं तुमच्याजवळ बसली. आज माझ्याजवळ बसू द्या."