उमेदवाराकडे उत्तर नव्हते

तिने अहवाल सरांच्या टेबलावर आपटला तेव्हा टाचण्यांची डबी कलंडली. सर वाकून एकेक टाचणी वेचू लागले. तिने मदत केली नाही.

अहवालावर लाल शाईत शेरा होता : ‘उमेदवाराकडे उत्तर नव्हते. अनुत्तीर्ण.’

बावीस वर्षं नर्सची नोकरी करून सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने धर्मशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला होता. आजाऱ्यांच्या उशाशी धर्मसेविका म्हणून बसायचं, एवढंच तिला हवं होतं. या वयात देवाधर्माची पदवी घेऊन कुणाचं भलं करणार आहेस, असं थोरल्या भावाने विचारलं, तेही तिने गिळलं. पण हा शेरा घशाखाली उतरेना.

घडलं होतं एवढंच. प्रात्यक्षिकासाठी ती इस्पितळात एका बसचालकाच्या बायकोपाशी जात असे. बाई आता त्या खाटेवरून उठणार नव्हती. एके दिवशी चालकाने विचारलं, हिने जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही, मग देवाने हिलाच का धरलं? तिने चालकाला सांगितलं, मला माहीत नाही. मग तासभर तिथेच बसून राहिली. अहवालात तिने ते जसंच्या तसं लिहिलं.

सरांनी समजावून पाहिलं. दोन वर्षं आपण दुःखाच्या प्रश्नावरच तर शिकतो आहोत. एक परिच्छेद बदला, काय म्हणायला हवं होतं ते लिहा, मी पास करतो.

“म्हणजे खोटं लिहू?”

“खोटं नाही. अभ्यासलेलं.”

तिच्या मुठी वळल्या.

“मग तुम्हीच चला, सर. त्याच्या तोंडावर सांगा. मला बघायचंय.”

सर खरंच येतील असं तिला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. खाटेपाशी उभे राहून दहा मिनिटं बोलले आणि सुंदर बोलले. दुःख म्हणजे शिक्षा नव्हे, देव दुखणाऱ्याच्या जवळच असतो, असं बरंच काही. चालक मान डोलवत होता. शेवटी त्याने सरांचे दोन्ही हात धरले, मन हलकं झालं म्हणाला, डोळेही पुसले.

‘बघितलंत?’ असं सर म्हणाले नाहीत. जिन्यापाशी नुसतंच तिच्याकडे पाहिलं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. ते दिसेनासे होईपर्यंत ती दात आवळून उभी राहिली. राग सरांचा होता, चालकाचा होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. इतकं सोपं होतं, तर आपल्या तोंडून का निघालं नाही?

ती परत आत गेली. चालक ओल्या कापसाने बायकोच्या ओठांना पाणी लावत होता.

“गेले का सर?” त्याने मान वर न करता विचारलं.

“गेले.”

“बरं वाटलं ना त्यांना?”

तिला आधी नीट कळलंच नाही.

“घामाने निथळत होते बिचारे,” तो म्हणाला. “हात तर गारठलेले. म्हटलं, म्हातारं माणूस इतक्या लांबून आलंय, कशाला दुखवा.”

त्याने स्टुलावरची पिशवी उचलून खाली ठेवली.

“बसा, ताई. मला जरा पडायचंय. तुम्ही असलात की डोळा लागतो.”

ती स्टुलावर बसली. त्याने कापूस तिच्या हातात दिला.