निळ्याचं हिरवं

"अक्का, तुझी साखर गेली," नळीमास्तरांनी स्वयंपाकघरातून जाहीर केलं.

इस्पितळात चाळीस वर्षं लघवी तपासून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सगळी गल्ली नळीमास्तर म्हणायची. काचेच्या नळीत निळं औषध, लघवीचे आठ थेंब आणि एक उकळी. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटकरी झालं तर भरपूर. थोरल्या बहिणीला सुईची धास्ती आणि मास्तरांना यंत्रांचा तिटकारा, त्यामुळे दर रविवारी अक्काची नळी घरच्याच शेगडीवर चढायची. दोन वर्षं ती हिरवी निघत होती. साखरेच्या डब्याला कुलूप लागलं होतं, आणि वर, तू चोरून खातेस म्हणून, अक्का बोलणीही खात होती.

आज नळी निळीभोर. मास्तरांनी सगळं श्रेय कुलपाला दिलं.

बायको ओट्यापाशी होती. ती शांतपणे म्हणाली, "एका डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला पडदेही निळे दिसतात. इतके दिवस हिरवे म्हणून भांडत होता."

मास्तरांनी नवा डोळा झाकला, नळी हिरवी. जुना झाकला, निळी. साधं पाणी घालून दुसरी नळी तापवली, तिचीही तीच तऱ्हा. ते इतक्यांदा डोळे मिचकावत राहिले की बायको लाजून बाहेर गेली. शेवटी ते नमुना घेऊन इस्पितळात गेले. ज्या यंत्राला ते जन्मभर खोकं म्हणत आले, त्या खोक्यानेही साखर नाही असंच सांगितलं.

गप्प बसता आलं असतं. कुलपाचा गुण आला म्हटलं असतं तर अक्काने गल्लीभर भावाचं कौतुक केलं असतं. पण म्हाताऱ्या बहिणीच्या तोंडचं गोड आपण उगाच काढून घेतलं, हे मास्तरांना गिळवेना. त्यांनी किल्ली तिच्यापुढे ठेवली.

"अक्का, तुला साखर कधी नव्हतीच. मोतीबिंदू माझ्या डोळ्यात होता, भोगलंस तू."

अक्काने किल्ली उचलून पदराच्या टोकाला बांधली.

"मी चोरून खात नव्हते, हे तरी आता पटलं ना?"

मास्तरांनी स्वतःचे कान पकडले.

"मग चहा कर. तुझ्या हातचा."

मास्तरांनी तीन चमचे साखर घातली, तेही शिगोशीग. अक्काने पहिला घोट घेतला आणि तिचं तोंड कडू काढा घेतल्यासारखं झालं. दोन वर्षांत जिभेची सवयच मोडली होती. कप खाली ठेवता ठेवता तिने भावाकडे पाहिलं. त्याचे दोन्ही डोळे भरून आले होते.

"गोड कमी नाही ना?" मास्तरांनी विचारलं.

"बेताचंच आहे," अक्का म्हणाली, आणि एकेक घोट गिळत तिने कप संपवला.