लेपेत नसलेलं ताट

मार्सीच्या गावात ईदच्या दिवशी माफी घाऊक भावात वाटतात. "आतलं-बाहेरचं काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा," एवढं म्हणायचं, हात हातात घ्यायचा आणि पुढच्या दारी जायचं. काय चुकलं हे कोणी सांगत नाही आणि विचारणं तर साफ असभ्य. वर्षभर शेजाऱ्याच्या कोंबड्या लांबवणारा माणूसही सकाळी दहाच्या आत धुतल्या तांदळासारखा होतो.

मार्सीला या घाऊक माफीचा वीट आला होता. तिला एकच कबुली हवी होती, किरकोळीतली, आणि ती थोरल्या बहिणीच्या, जुमिलाच्या तोंडून.

प्रकरण चौतीस वर्षांपूर्वीचं. पाती शहरातल्या भातगिरणीवाल्याचं स्थळ मार्सीला सांगून आलं होतं. सुपारी फुटायचीच बाकी होती, तेवढ्यात जुमिलाने मुलाच्या आईच्या कानात सांगितलं, की पोरीला फिट येते. मार्सीला जन्मात कधी फिट आली नव्हती. ही बातमी कानावर आली तेव्हा मात्र येता येता राहिली. पुढे सहा महिन्यांत तिला तुकिमानच्या गळ्यात बांधली. तुकिमान सायकली दुरुस्त करायचा आणि भूक लागली नसली तरी जेवायचा. माणूस गरीब गाय. पण घरात पंखा बंद पडला, छप्पर गळलं, मासळी महागली, की मार्सी म्हणायचीच, "गिरणीवाल्याकडे पडले असते तर हे दिवस दिसले नसते." तुकिमान पुढचा घास घ्यायचा.

त्यात रीत अशी, की ईदला धाकटीने थोरलीपुढे गुडघे टेकून माफी मागायची. म्हणजे जिचं वाटोळं झालं तिने वाकायचं आणि जिने केलं तिने डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, "जा, केलं माफ." चोर तो चोर, वर शिरजोर. चौतीस वर्षं हेच चाललं होतं. आणि आता जुमिला चालली होती मुलाकडे बालिकपापानला, कायमची. सेमारांग बंदरातून बोट ईदनंतर दहा दिवसांनी सुटणार होती. आता नाही तर कधीच नाही.

ईदनंतर आठव्या दिवशी कुपताचा सण आला. ताटातल्या पदार्थांचा अर्थ गावात शेंबड्या पोरालाही पाठ असतो. माडाच्या कोवळ्या पातीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात तो कुपत, म्हणजे गावच्या बोलीत 'न्गाकू लेपत', चूक कबूल. रश्शातलं नारळाचं दूध म्हणजे माफी. आणि लेपेत, म्हणजे चिकट भाताच्या लांबोड्या पुड्या, तीन जागी करकचून बांधलेल्या, अगदी मयत बांधतात तशा: झालं गेलं पुरून टाका. सगळे हे घडाघडा म्हणतात आणि म्हणता म्हणता गिळतात. अर्थ पोटात जातो आणि तिथून पुढे कुठे जातो ते सांगायला नको.

मार्सीने यंदा ताटात कुपत ठेवले, कोंबडीचा रस्सा ठेवला आणि लेपेत ठेवलंच नाही.

"अगं, लेपेत राहिलं," तुकिमान म्हणाला.

"राहिलं नाही. ठेवलं नाही. अक्काला कळेल काय ते. तुम्ही फक्त ताट पोचवा, आणि वाटेत तोंड आवरा."

तुकिमान सायकलवर ताट घेऊन गेला आणि अर्ध्या तासात परत आला. ताटात जुमिलाकडची आठ लेपेतं होती.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मार्सीला सांग, तुझ्या नवऱ्याने वाटेत लेपेत खाल्लेलं दिसतंय. त्याला मी माफ केलं. चिकट तांदूळ परवडत नसेल तर ही घे." तुकिमान जरा घुटमळला. "दहा दिली होती. दोन खाल्ली. आळ आलाच होता, म्हटलं निदान पोटात तरी जाऊ दे."

मार्सीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुरून टाका म्हणते! कबुली नाही, काही नाही, थेट दफन! तिने ती आठ लेपेतं पदरात घेतली आणि भर उन्हात चालत निघाली. मागून तुकिमान सायकल ढकलत आला, कारण दोघी बहिणी भांडायला लागल्या की मधे कोणीतरी लागायचं.

जुमिला पडवीत बसून पातेली पोत्यात भरत होती. मार्सीने लेपेतं तिच्या पुढ्यात ओतली.

"मी लेपेत ठेवलंच नव्हतं. तुला ते कळलं होतं, अक्का."

"कळलं होतं," जुमिला पोत्याचं तोंड आवळत म्हणाली. "पण तुकिमानवर ढकललं की सोपं पडतं. तू वेगळं काय करतेस?"

"विषय बदलू नकोस. गिरणीवाल्याच्या आईला काय सांगितलंस ते माझ्या तोंडावर सांग. मग जा बालिकपापानला, नाहीतर चंद्रावर जा."

जुमिलाने पोतं बाजूला सारलं.

"फिट येते म्हणून सांगितलं. महिन्यातून दोनदा, असंही सांगितलं. आई अंथरुणाला खिळलेली, माझ्या काखेला दोन पोरं, नवऱ्याचा पत्ता नाही. तू पातीला गेली असतीस तर आईचं गू-मूत मला एकटीला काढावं लागलं असतं. म्हणून तुला गावात अडकवलं. माझ्या सोयीसाठी. चुकलं माझं, मार्सी."

आणि सदुसष्ट वर्षांची जुमिला, गुडघे कटकट वाजवत, धाकट्या बहिणीपुढे टेकली. गावात असं कोणी कधी केलं नव्हतं.

मार्सीने तिला घाईघाईने धरून वर बसवलं. चौतीस वर्षं या घटकेची वाट पाहिली होती. पण आता बहिणीचे हात किती वाळलेत एवढंच तिच्या मनात येत होतं, आणि रडू येत होतं.

पायरीशी तुकिमान सायकलची सीट धरून उभा होता. त्याने घसा खाकरला.

"अक्का, चूक कबूल केलीत, बरं झालं. पण एक विचारतो. ती चूक, तर मग मी काय?"

तो रागावला नव्हता. कुठला पाना हवा असं विचारावं तसं त्याने विचारलं होतं. जुमिलाने मान खाली घातली, कारण प्रश्न तिला नव्हता.

मार्सी पडवीतून उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"दर ईदला मी तुमचा हात हातात घेऊन म्हणते ना, चुकलंमाकलं माफ करा?"

"म्हणतेस."

"काय चुकलं ते मला माहीतच नव्हतं."

तुकिमानने सायकल भिंतीला टेकवली. "आता माहीत झालं?"

"झालं," मार्सी म्हणाली. "बसा इथं. सांगायला वेळ लागेल."