गटातला लच्छू

लच्छू घरी तोंड उघडायचा नाही, आणि वरोऱ्याला गेला की गप्प बसायचा नाही. त्याच्या बायकोला, गिरजेला, हे कळलं ते तिथल्या व्यसनमुक्ती केंद्राच्या खिडकीखाली बसून.

दोन वर्षांपूर्वी तलावात जाळं ओढताना लच्छू डोंग्याच्या काठावर पाठीवर आपटला. दुखणं सोसवेना म्हणून दुकानातून गोळ्या आणल्या. पुढे दुखणं थांबलं, गोळ्या थांबल्या नाहीत. मिळाल्या नाहीत की घाम, उलट्या, हाडाहाडांत कळा. त्या सगळ्या काळात जाळं गिरजेनं ओढलं, बाजारात मासोळी तिनं विकली, त्याच्या उलट्या तिनं काढल्या. हाताला धरून केंद्रात नेलं तेही तिनंच. तिथे जिभेखाली ठेवायची गोळी सुरू झाली आणि तलफ उतरली, पण जीव शांत होईना. म्हणून केंद्रातल्या समुपदेशक रिना मॅडमनी त्याला बुधवारच्या गटात घातलं. पेशंट चटईवर गोल करून बसायचे, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचे, अंग कुठे आखडलंय ते बघायचे. मग ज्याला वाटेल तो बोलायचा.

घरच्यांनी बाहेर थांबायचं. गिरजा बाहेर थांबायची.

एका बुधवारी आतून लच्छूचा आवाज आला. "पडलो तवापासून मले पाण्याचा भेव लागते. तलावाच्या पाळीवर गेलो तरी छाती धडधडते. ढिवराच्या पोरानं पाण्याले भ्यावं, हे घरी कोणत्या तोंडानं सांगू?"

गिरजा ऐकतच राहिली. तलावावर येत नाही म्हणून ती दोन वर्षं त्याला आळशी म्हणत आली होती.

मग एका बाईचा आवाज आला. "मलेही सुई दिसली का तसंच होते, लच्छूभाऊ. तुमी बोलले, बरं झालं."

ही करिष्मा. एका दवाखान्यात नर्स होती, तिथेच दुखण्याच्या इंजेक्शनची सवय लागली. भाऊ म्हणाली म्हणून गिरजेचा जळफळाट काही कमी झाला नाही. आपण ज्याचं गू-मूत काढलं, तो आपल्याला मुका आणि हिच्यापुढे बोलका.

त्यानंतर जेवताना रोज तेच. करिष्मा म्हणे, घास हळू चावावा. करिष्मा म्हणे, झोप नाही आली तर पायाच्या बोटांपासून सुरुवात करावी. गिरजेला त्या नावानंच ठसका लागायचा.

पुढच्या बुधवारी लच्छू शर्ट घालत असताना ती म्हणाली, "आज गट बंद हाय. मॅडमचा फोन आलता."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला आणि शर्ट काढून खुंटीला लावला.

दुपारपर्यंत तो अंगणात येरझारा घालत होता. ऊन उतरल्यावर न सांगता बाहेर पडला. गिरजेला वाटलं, गोळ्या आणायला गेला असेल, नाहीतर करिष्माला फोन करायला. यातलं जास्त वाईट काय, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. ती मागोमाग निघाली.

लच्छू तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, बसला होता. डोळे मिटलेले, ओठ आवळून तो श्वास घेत होता. गिरजा शेजारी बसली. त्यानं डोळे उघडले.

"गट बंद नोहता. गट सुरू व्हायच्या आधीच करिष्मानं फोन केलता, काऊन नाई आले म्हणून."

"मंग माहीत झाल्यावर तरी काऊन नाई गेले?"

"तू थांबवलं ना. इतके दिवस जा जा म्हणे. थांब म्हणून कधी म्हटलंच नाई."

गिरजेला एकदम रडू आलं. "पाण्याचा भेव लागते, हे तिले सांगितलं. मले काऊन नाई?"

"तू एकटी जाळं ओढत होती. तुले कसा सांगू?"

पुढच्या बुधवारी रिना मॅडमना विचारून गिरजा आत बसली. सगळ्यांनी डोळे मिटले, तिनं मिटले नाहीत. तिला करिष्माला बघायचं होतं. नटलेली, हसरी कोणी असेल असं तिला वाटलं होतं. समोर बसली होती एक वाळकी बाई, एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या ओढून. आणि तिचेही डोळे उघडे होते. ती गिरजेकडेच बघत होती.

गट सुटल्यावर करिष्मा नळापाशी भेटली. "तुमी दर बुधवारी उन्हात बसता. खिडकीतून पदर दिसते तुमचा," ती म्हणाली. "माह्यासाठी कोणी येऊन बसत नाई. तो पदर दिसला का लई जीव जळते माहा, बाई."

 गिरजेनं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि करिष्मासाठी नळ सुरूच ठेवला.

बसमध्ये लच्छूनं विचारलं, "काय म्हणे करिष्मा?"

"काई नाई," ती म्हणाली.

धान कापणीला आलं तेव्हा लच्छू पहिल्यांदा डोंग्यात बसला. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरलेला, चेहरा पांढरा पडलेला. वल्हं गिरजेच्या हाती होतं. तलावाच्या मधोमध आल्यावर त्यानं एक हात सोडला, पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला.

"बुधवारी करिष्माले सांगतो," तो म्हणाला.

"सांगा," गिरजा म्हणाली. बोलली तरी आत कुठेतरी टोचलंच. तिनं डोंगा काठाकडे वळवला.